पाठमोरा मांडव

वऱ्हाडात जाऊन आले म्हटलं की आमच्या चिपळुणातली माणसं दोनच गोष्टी विचारतात. ऊन किती होतं, आणि तिकडे पाहण्यासारखं काय आहे? उन्हाचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्या प्रश्नाला मी संत्र्यांचं काहीतरी सांगून वेळ मारून नेते. कारण मी जे पाहिलं ते सांगायचं तर आधी माझी भीती सांगावी लागते, आणि भीती सांगायची म्हणजे लेकीचं दुखणं आलंच. परवा लेकच म्हणाली, "आई, लिहून टाक एकदा. मला काही वाटत नाही." म्हणून लिहायला बसले आहे.

माझ्या मुलीला, रेवतीला, फिट येतात. कॉलेजात असताना सुरू झालं. गोळ्या वेळेवर आणि झोप पुरेशी असली तर महिनोन्महिने काही होत नाही. या प्रवासाला निघालो तेव्हा तर शेवटच्या फिटला वर्ष उलटून गेलं होतं. ती पुण्यात नोकरी करते. तिथेच तिला निखिल भेटला. मुलगा तेल्हारा तालुक्यातला, घर शेतीवाडीचं, कापसाचं. त्याला तिने ओळखीच्या पहिल्याच दिवसांत सगळं सांगून टाकलं होतं. प्रश्न त्याच्या घरच्यांचा होता. मी म्हटलं, मीच फोन करते. निखिल म्हणाला, "काकू, आमच्याकडे मोठी गोष्ट आधी आबाजींच्या कानावर घालावी लागते. ते मी करतो." आबाजी म्हणजे त्याचे आजोबा. पाच गावांतली भांडणं त्यांच्या ओट्यावर मिटतात, त्यांच्यासमोर घरातला माणूस खुर्चीवर बसत नाही, असं त्यानेच कधीतरी कौतुकाने सांगितलं होतं. मला त्यात कौतुक कमी आणि धाक जास्त ऐकू आला. पुढे साक्षगंधाची तारीख ठरली. आपण साखरपुडा म्हणतो, त्याला तिकडे साक्षगंध म्हणतात. आबाजींशी बोललास का, असं विचारलं की निखिल म्हणे, "बोललो ना." काय बोलला, किती बोलला, पुढे काही नाही. रेवतीने मला बजावलं होतं, की त्याला पुन्हा पुन्हा विचारायचं नाही.

अशी गळ्यात धोंड बांधून आम्ही तिघं निघालो. मी, रेवती आणि तिचे बाबा. बाबांचं एक बरं आहे. ते कुठेही झोपतात.

बडनेरा

गाडीत मी डोळ्याला डोळा लावला नाही. रेवती वरच्या बर्थवर झोपली होती आणि मी खालून तिची कूस बदलतेय का ते ऐकत होते. सकाळी बडनेऱ्याला उतरलो. निखिलचे काका घ्यायला आले होते. अंगापिंडाने भरभक्कम, आवाज असा की पलीकडच्या फलाटावरच्या माणसांनीही वळून पाहावं. त्यांनी आमच्या बॅगा हातातून जवळजवळ हिसकावून घेतल्या. आमच्याकडे पाहुण्याचं स्वागत जरा आडपडद्याने होतं, प्रवास कसा झाला वगैरे. इथे पहिलंच वाक्य होतं की पोरगी लय बारीक हाय, जेवत नाई काय.

गाडीत बसता बसता काका म्हणाले, की आज कुठे फिरायचं नाही, अमरावतीला त्यांच्या घरी मुक्काम करायचा आणि पोरीने दिवसभर झोपायचं. आबाजींचा तसा निरोप होता. ज्याच्या शब्दावर त्या घरचं सगळं चालतं, त्या माणसाने आमच्या मुलीच्या झोपेचा निरोप का धाडावा? मला वाटलं, रात्रीच्या प्रवासाने तोंड उतरलेली मुलगी चार लोकांत दिसायला नको, एवढाच त्याचा अर्थ.

अमरावती

काकांच्या घरी कूलरसमोर खाट टाकून ठेवली होती. फाल्गुन सरत होता आणि दहा वाजताच ऊन डोळ्यांत घुसत होतं. खिडक्यांना ओले पडदे, अंगणात पाण्याचा माठ, आणि दुपारी कोणी रस्त्यावर दिसलंच तर डोक्यापासून हनुवटीपर्यंत दुपट्टा गुंडाळलेलं. फक्त डोळे दिसत. आमच्या गावात असं कोणी फिरलं तर पोलिसांना फोन जाईल.

काकांच्या बायकोने मोर्शीहून आलेल्या संत्र्यांची करंडी पुढ्यात ठेवली आणि सोलून सोलून फोडी हातात देत राहिल्या. दुपारी बाहेरून गिला वडा आणला. दह्यात बुडालेला, वर तिखट. आमच्या यांनी तो डोळ्यांतून पाणी काढत तीनदा मागून घेतला. बोलता बोलता काकू म्हणाल्या, की आबाजींच्या थोरल्या नातवाच्या साक्षगंधात केवढा बँड होता, वर लाइटिंग, नुसता चकचकाट. या खेपेला मात्र आबाजींनी बँड नाही म्हणून सांगितलं. लाइटिंगपण नाही. कार्यक्रमही संध्याकाळचा सकाळी आणला. काकूंना स्वतःलाही त्याचं नवल वाटत होतं.

एका नातवाला बँड आणि दुसऱ्याला नाही. म्हणजे कळलंय त्यांना. कळलंय आणि मनातून नको आहे, पण नातवाच्या हट्टापुढे इलाज नाही, म्हणून चुपचाप उरकून टाकायचं आहे. किंवा काहीच कळलेलं नाही आणि कोकणातली माणसं पसंत नाहीत. दोन्हींतलं कुठलं वाईट, याचा मी रेवती झोपली होती तेवढा वेळ विचार करत बसले, आणि विचार करताना तिच्याकडे पाहत बसले.

तिने डोळे न उघडता म्हटलं, "आई, पाहू नकोस ना."

मी म्हटलं, मी कुठे पाहतेय.

"तुला वाटतं मला फिटची भीती वाटते," ती म्हणाली. "फिट येते ते मला कळतसुद्धा नाही. शुद्धीवर आल्यावर वर सगळे चेहरे असतात ना, वाकून बघणारे, ते नको वाटतं. त्यांत पहिला तुझा असतो."

मग तिने कूस बदलली आणि खरंच झोपली. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि काकूंना सांबार निवडू लागले. कोथिंबिरीला तिकडे सांबार म्हणतात. तेवढं एक नवीन शिकले त्या दिवशी.

अकोल्याच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी काकांनी त्यांच्या जीपमधून नेलं. अकोल्याला त्यांना साडीच्या दुकानातून एक पातळ घ्यायचं होतं, म्हणून वाट थोडी लांबची धरली. अकोला मागे पडलं, पूर्णेचा पूल ओलांडला आणि मग सुरू झाली ती सपाट काळी जमीन. मी जन्मभर डोंगरात राहिलेली बाई. आमच्याकडे आभाळ झाडांच्या फटीतून दिसतं, आणि घर रस्त्यावरून दिसू नये अशा बेताने बांधलेलं असतं. इथे कापूस निघून गेलेला, पऱ्हाट्या उपटून ढीग लावलेल्या, आणि पार क्षितिजापर्यंत आडोसा म्हणून काही नाही. एखादं बाभळीचं झाड, तेही शेताच्या त्या टोकाला. दूरवरून येणारा सायकलवाला दिसायला लागला की बराच वेळ नुसता येतच राहतो. काका म्हणाले, इथलं पाणी खारं आहे, विहीर खणली तरी पिता येत नाही. मला पाण्यापेक्षा त्या उघडेपणाचीच धास्ती बसली. इथे माणसाने काही लपवायचं म्हटलं तर लपवणार कुठे?

आणि नेमकी तिथेच मला अडचण झाली. संत्री, माठातलं थंडगार पाणी आणि जीपचे हादरे. बाई म्हणून सांगायची लाज वाटते, पण प्रवास करणाऱ्या कुठल्या बाईला हे चुकलं आहे? मी बराच वेळ ओठ आवळून बसले. शेवटी रेवतीच काकांना म्हणाली, थोडं थांबाल का.

काकांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. रस्त्याच्या कडेला जीप आडवी लावली, यांना खांद्याला धरून उतरवलं आणि दोघंही बरेच पुढे जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. तेवढ्यात मागून मोटरसायकलवर दोघं जण आले. काकांनी मागे न बघताच हात वर केला. मोटरसायकल तिथेच थांबली. ती दोन्ही माणसंही उतरली, गाडी स्टँडला लावली, वळली आणि आली त्या दिशेला तोंड करून उभी राहिली. पुढच्या बाजूने एक बैलगाडी येत होती. तो गाडीवान तर गाडीवरच उलटा फिरून बसला, बैल आपले चालताहेत. कोणी हसलं नाही, कोणी खाकरलं नाही. आम्ही जीपमध्ये येऊन बसलो, दार लावल्याचा आवाज झाला, तेव्हा सगळे हलले.

मी काकांना काहीतरी आभाराचं बोलायला गेले, तर ते म्हणाले, "त्याच्यात काय ताई. झाड नाई ना इथं. मंग मानसालेच आडोसा व्हा लागते."

रेवती खिडकीबाहेर बघून हसत होती. मी नाही हसले. त्या घराच्या दिशेने जीप चालली होती आणि उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ हळूहळू वर येत होती.

तेल्हारा

गाव तेल्हाऱ्यापासून थोडं आत. जीप थांबली तेव्हा आबाजी ओट्यावर उभे होते. उंच, सरळ, पांढरं धोतर, खांद्यावर शेला, आणि मिशा अशा की त्यांच्याआड तोंड हसतंय की नाही ते कळूच नये. अंगणातली कुजबुज ते खाली उतरले तशी थांबली. त्यांनी यांना हात जोडले, मला जोडले. रेवती वाकली तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि विहीणबाईंकडे वळून एवढंच म्हणाले, की पाहुण्यांची पानं लवकर वाढा, पोरीला जागरण नको. मग ओट्यावर जाऊन बसले. रात्रीच्या जेवणाला रोडगे होते, गोवरीच्या निखाऱ्यात भाजलेले, तुपात चुरलेले, आणि वांग्याची झणझणीत भाजी. लोक एवढं मायेने वाढत होते, आणि मी प्रत्येकीच्या तोंडाकडे पाहून अंदाज करत होते, की हिला ठाऊक आहे का, तिला ठाऊक आहे का. निखिलला एकटं गाठायचा मी दोनदा प्रयत्न केला. त्याला कोणी ना कोणी हाक मारून नेत होतं.

सकाळी घरासमोरच्या खळ्यात मांडव भरला. पाहुणे, भाऊबंद, अख्खं गाव. बँड नसल्यामुळे पंख्यांची घरघर आणि माणसांचं बोलणं तेवढं ऐकू येत होतं. रेवतीने गोळी घेतलेली मी स्वतः पाहिली होती. झोपही झाली होती. तरी तिला त्यांच्याकडची जांभळी साडी नेसवून पाटावर बसवलं, तेव्हा मी अगदी समोरची जागा धरून बसले. उकाडा वाढत होता. बायका एकेक करून कुंकू लावत होत्या, ओटी भरत होत्या. माझी नजर तिच्या डाव्या हाताच्या बोटांवर होती. सुरुवात तिथून होते.

बोटं हलली.

मी उठेपर्यंत ती ताठ झाली होती. ओटीतले तांदूळ सगळीकडे उडाले. निखिल बाजूलाच होता, त्याने तिला डोक्याला लागू न देता खाली घेतली. मी धावत जाऊन तिला कुशीवर केलं. मग जे होतं ते सगळं सुरू झालं. मांडवात एकदम गलका झाला. कोणी म्हणालं मिरगी हाय, कोणी म्हणालं कांदा फोडून आना, कोणी चप्पल काढून हातात घेतली होती. एकजण तिचे हात दाबून धरायला आला. आणि मागे, लोकांच्या डोक्यांवर, दोन-तीन मोबाइल वर आलेले मला दिसले. ज्याला मी इतकी वर्षं भीत होते ते माझ्यासमोर घडत होतं, माझ्या मुलीच्या साक्षगंधात, भरल्या मांडवात.

आबाजी गर्दीतून आले. लोकांनी वाट दिली. ते धोतर आवरून माझ्यासमोर जमिनीवर बसले. मी त्यांचे पायच धरायचे बाकी होते. म्हटलं, "आम्ही लपवलं नव्हतं हो. निखिलला सांगितलं होतं."

"मले माईत हाये," ते म्हणाले. "पोट्ट्यानं पयल्याच दिवशी सांगतलं. म्हनूनच बँड नाई लावला. ते सोडा आता. तुमी तिची आई, तुमाले ठावं. काय करायचं ते सांगा."

मला आठवत नाही मी कुठल्या आवाजात बोलले. काही हुंगवायचं नाही, हात धरायचे नाहीत, तोंडात काही घालायचं नाही, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, आपोआप थांबतं. त्यांनी खांद्यावरचा शेला काढला, घडी केली आणि तिच्या डोक्याखाली सरकवला. चप्पलवाल्याकडे नुसतं पाहिलं. मग उठून उभे राहिले. आवाज चढवला नाही, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"मोबाइल खिशात घाला. आन् सारे तिकडे तोंड करा."

आणि सगळा मांडव फिरला.

मी खरं तेच लिहिते. त्या क्षणी मला वाटलं, संपलं. माझ्यासमोर पाठीच पाठी होत्या. पांढरे सदरे, घामाने भिजलेले. साड्यांचे पदर, वेण्या, टोप्या. मला वाटलं, सोयरीक मोडली, हे सगळं गाव आमच्याकडे पाठ करून आता एकेक करून चालू लागेल. मी रेवतीचा खांदा धरून तशीच बसून राहिले. पण कोणी चालू लागलं नाही. विहीणबाईंनी आपल्या धाकट्या मुलीचं डोकं दोन्ही हातांनी तिकडे वळवलं. म्हातारी माणसं खुर्च्या उलट्या करून बसली. काका, निखिल, आमचे हे, सगळे तसेच. सगळ्यांत पुढे, आमच्यापासून हातभर अंतरावर, शेला नसलेल्या खांद्यांनी आबाजी शेताकडे तोंड करून उभे होते. तेव्हा मला रस्त्यावरचा तो गाडीवान आठवला, आणि मग मला रडू आवरेना.

झटके थांबले. तिचा श्वास संथ झाला. पण ती लगेच भानावर येत नाही, वेळ लागतो. किती लागला कोण जाणे. ऊन मांडवाच्या कापडातून खाली उतरत होतं, एवढी माणसं उभी होती, आणि एक पाय बदलून दुसऱ्या पायावर भार घ्यायच्या पलीकडे कोणी हललं नाही. आमच्याकडे पाहत होतं फक्त एक तोंड. दुसऱ्या रांगेतल्या एका बाईच्या खांद्यावर तिचं तान्हं पोर होतं. आई पाठमोरी, म्हणून पोराचं तोंड आमच्याकडे. ते मूठ चोखत रेवतीकडे टक लावून बघत होतं.

रेवतीने डोळे उघडले तेव्हा तिला पहिलं ते पोर दिसलं. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग इकडे तिकडे बघितलं. जड जिभेने म्हणाली, "सगळे असे का उभे आहेत?"

आबाजींनी तिचा आवाज ऐकला असणार. ते वळले नाहीत. तसेच शेताकडे पाहत म्हणाले, "उठली काय माय? फिरू काय आमी आता?"

रेवती कोपर टेकवून उठून बसली, आणि तिच्या तोंडावर मी जे पाहिलं ते मी तिच्या कुठल्याच फिटनंतर पाहिलेलं नव्हतं. ती लाजली होती, नवरी लाजते तशी.

"थांबा थोडं," ती म्हणाली. "केस सुटलेत माझे."

"घे सवडीनं," आबाजी म्हणाले.

ती केस सारखे करू लागली. कपाळावरचं कुंकू पसरलं होतं ते बोटाने पुसलं. मी समोर बसून पाहत होते, सवयीने. हात थरथरतोय का, बोलणं नीट आहे का, सगळं. तिने केसांत बोटं असतानाच माझ्याकडे पाहिलं. मला कळलं.

मी उठले. भीती तर होतीच, पुन्हा आली तर, पडली तर. तरी उठले आणि आबाजींच्या शेजारी जाऊन तिच्याकडे पाठ करून उभी राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. समोर काळं रान होतं, पार सातपुड्यापर्यंत उघडं. मागे बांगड्या वाजल्या, साडीच्या निऱ्या झटकल्याचा आवाज आला, पाट सरकला. मी वळले नाही.

मग रेवती म्हणाली, "हं. फिरा आता."